न फाटणारं खेळणं

शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाजायला लागल्या की मला अजून परीक्षेची धडकी भरते. पन्नाशी केव्हाच उलटली, आता माझा पेपर कोणी घेणार नाही, तरी फाल्गुनातली ती कोरडी खुळखुळ कानावर आली की ती भरतेच. भोपाळात या दिवसांत वारा सुटतो तो धड गार नसतो, धड गरम नसतो. सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. रस्त्यावर पाचोळा, तो झाडून ढीग घालणाऱ्या बायका, आणि ढीग पेटवले की कॉलनीभर पसरणारा कडवट धूर. लोक याला वसंत म्हणतात. म्हणोत बापडे.

परवा असाच वारा होता, आणि लेकीनं पुण्याहून पार्सल धाडलं. माझ्यासाठी नव्हे हो, कुकीसाठी. कुकी ही लेकीची कुत्री. नव्या घरमालकाला कुत्रं चालेना म्हणून "आई, दोनच महिने" असं म्हणत तिनं ती माझ्या गळ्यात मारली, त्याला आता वर्ष होत आलं. पार्सलातून एक कापडी बदक निघालं, पोट दाबलं की ची ची करणारं. कुकीनं ते तोंडात धरलं, दोनदा मान झटकली आणि पुढच्या पायांत दाबून पद्धतशीर कामाला लागली. आधी डोळा, मग पंख, मग पोटाची शिवण. चहाला उकळी येईपर्यंत आतला पांढरा कापूस हॉलभर झाला होता. शेवटी ती ची ची करणारी प्लास्टिकची डबी तिनं हुडकून बाहेर काढली, दात रोवून तिचा आवाज बंद केला आणि त्या पसाऱ्यात मधोमध लांब होऊन पडली. चेहऱ्यावर काय तो समाधानाचा भाव! लेकीचं लग्न पार पाडलेल्या वधूपित्याचा असतो तसा.

मी फोटो काढून लेकीला पाठवला. लगेच तिचा फोन.

"आई गं, आत्ताच तर पोचलं होतं ते! थांब, आता मी ते न फाटणारं मागवते. गॅरंटी असते त्याला. मागवू ना?"

मी कापसाचा एक पुंजका उचलला.

"आई? ऐकतेयस ना? मागवू का?"

"सांगते," म्हटलं. "संध्याकाळी सांगते." आणि फोन ठेवून दिला. एवढ्याशा प्रश्नाला संध्याकाळपर्यंतची मुदत कशाला, असं तिला वाटलं असणार. माझ्या हॉलचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली काळ्या रबराचा एक जाडजूड डमरू लावलेला आहे. तिनं लहानपणापासून पाहिलाय तो, पण कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी कितीतरी वेळ त्या डमरूकडे बघत बसले.

कुत्री खेळणी का फाडतात हे मी कुकीच्या डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. तरुण मुलगा आहे, फार प्रेमळ. म्हणाला, "आंटी, इसमें इनको मज़ा आता है. टेन्शन मत लीजिए." यांचे पूर्वज शिकार करायचे, मानेला धरून झटकायचे, कातडं सोलायचे, बदकाची ची ची म्हणजे यांच्या लेखी सावजाचा जीव, तो बंद होईस्तोवर यांना चैन पडत नाही. आणि एक म्हणाला, की जे कुत्रं एकटं पडतं ते जास्त फाडतं. सगळं पटण्यासारखं आहे. पण मला याचं उत्तर फार आधी मिळालं होतं. ते माझ्या भावानं आमच्या तेव्हाच्या कुत्र्याकडे बघत दिलं होतं, पेरूच्या झाडावर बसून, तोंडात कच्चा पेरू असताना.

"त्याला आत काय आहे ते बघायचंय, सुमे. दुसरं काही नाही."

नंदू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दादा म्हण म्हणून आईचे धपाटे खाल्ले, तरी मी त्याला नंदूच म्हणायचे. आणि हे उत्तर त्याला माहीत असणारच, कारण तोही त्याच जातकुळीचा. घरातला घड्याळजीच... नाही, घड्याळजी कसला, घड्याळांचा काळच तो! गजराचं घड्याळ उघडलं, रेडिओ उघडला, शेजारच्या चाचींची इस्त्री दुरुस्त करतो म्हणून आणली आणि तीही उघडली. परत जोडलं की एखादा स्क्रू हातात उरायचाच. बाबा ओरडायचे, "उघडतं कोण बी! जोडून दाखव!" त्याच्या सदऱ्याचा खिसा नेहमी फाटलेला, पँटीचा गुडघा फाटलेला, चपलेचा अंगठा तुटलेला. आई रोज दुपारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन मागच्या पायरीवर बसायची. त्या डब्यात सुयादोरे, बटणं, कात्री. रोज नंदूचं काहीतरी शिवायला असायचंच. शिवताना ती त्याला शिव्या घालायची आणि हसायची. "अरे, माणसाचा मुलगा आहेस की उंदराचा?"

माझं कधी काही फाटायचं नाही. मी नीटनेटकी. शाळेचा एक फ्रॉक मी तीन वर्षं घातला आणि तो तसाच्या तसा दुसऱ्या मुलीला दिला गेला. आई चारचौघांत कौतुकानं सांगायची, "हिचा मला काही त्रास नाही." ते कौतुक मला लहानपणी फार गोड वाटायचं.

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. क्वार्टर शेवटच्या रांगेत. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरू, भोवती मेंदीचं कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे सोनागिरीची वस्ती. बाबा कारखान्यात फोरमन, मूळचे अमरावतीकडचे. आई पुण्याची. घरात पुणेरी मराठी, बाबांचं वऱ्हाडी आणि बाहेरचं हिंदी यांची खिचडी होती. मी अजूनही भाजी 'छौंकते', तिला फोडणी देत नाही, आणि पुण्याचे नातेवाईक अजूनही त्याला हसतात. हसू देत.

आमच्या वसाहतीतल्या पुरुषांची एक रीत होती. घरात काही कमी पडलं तर बाजारात जायचं नाही, शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या आपल्या कामाच्या शेडमध्ये, बनवायचं. भंगारात निघालेला तुकडा मागून घ्यायचा, जेवणाच्या सुट्टीत घासायचा, जोडायचा आणि रीतसर गेटपास करून घरी आणायचा. आमचा चिमटा, तुळशीची कुंडी ठेवायची घडवंची, आईच्या कुकरच्या झाकणाची मूठ, सगळं बाबांच्या हातचं. आईनं काही तक्रार केली की बाबा डोळे बारीक करून विचार करायचे आणि म्हणायचे, "बनवतो." शॉपमध्ये हात पुसायला सुताचा रंगीबेरंगी गुंता मिळायचा, त्याला सगळे कॉटन वेस्ट म्हणायचे. तो घराघरांत असायचा. आमच्या उशा त्याच्याच, आणि सायकल पुसायचा बोळाही त्याचाच.

गबरू नंदूचा. रस्त्यावर सापडलेलं मातकट रंगाचं पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव नंदूनंच ठेवलं. आईनं आधी "घरात पाऊल टाकायचं नाही" असं बजावलं, आणि महिन्याभरात त्याच्यासाठी वेगळी पोळी लाटायला लागली. नंदू त्याला काहीही फाडायला द्यायचा. जुने मोजे, फुटलेला चेंडू, कॅलेंडर. दोघं समोरासमोर बसायचे, एक उघडायचा आणि एक फाडायचा.

मी बारावीत गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात नंदूला कावीळ झाली. दसऱ्याच्या आधी तो गेला. एकोणीस वर्षांचा होता. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहिता येत नाही. इतक्या वर्षांत जमलं नाही, तेव्हा सोडून देते.

आई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं सगळे म्हणायचे. सकाळी उठायची, डबा करायची, भांडी लावायची, आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायची. बोलावलं तर "हं" म्हणायची. वरणात कधी मीठ नाही, कधी दोनदा. बाबा निमूट जेवायचे आणि मीही. त्या पत्र्याच्या डब्यावर धूळ बसली होती. घरात फाटलेलं असं काही उरलंच नव्हतं.

मग संक्रांतीच्या सुमारास एका उन्हाच्या दिवशी मी ट्रंकेतले गरम कपडे बाहेर काढून दोरीवर घातले. त्यात नंदूचा मरून स्वेटर होता, आईनं विणलेला. मी आत गेले आणि बाहेरून आवाज आला तो कापड टरकन फाटल्याचा. येऊन बघते तो काय, गबरूनं स्वेटर दोरीवरून ओढून खाली पाडला होता, पायांत दाबला होता आणि एक बाही पार उसवून टाकली होती. शेपूट हलवत होता, निर्लज्ज! नंदू गेल्यापासून पहिल्यांदा त्याची शेपटी हलत होती. मी आतून फूटपट्टी आणली आणि हात उगारला.

"मारू नकोस त्याला." आई दारात उभी होती. ती खाली बसली, लोकरीचे तुकडे एकेक करून ओच्यात घेतले. मला वाटलं, आता ही फुटणार. पण तिनं विचारलं, "डबा कुठेय माझा?"

त्या दुपारी आई पायरीवर बसली आणि स्वेटरच्या बाहीचा तिनं चेंडू केला. आत कॉटन वेस्ट ठासून भरलं, तोंड शिवून टाकलं आणि तो गबरूपुढे टाकला. "घे मेल्या. आता हा फाड."

फाडला की. संध्याकाळच्या भोंग्याला सायकलींचा लोंढा रस्त्यावर येईपर्यंत लाल, निळे, पिवळे धागे अंगणभर. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईनं ते सगळे धागे वेचले, पुन्हा भरले, पुन्हा शिवलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग तो नेमच झाला. दुपारी आई शिवायची, संध्याकाळी गबरू फाडायचा. बाही संपली तशी दुसरी बाही, मग पाठ. आई शिवताना त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मला आतल्या खोलीत नीट ऐकू यायचं नाही. पण एकदा "उंदराचा की माणसाचा" एवढं स्पष्ट ऐकलं आणि हातातलं पान उलटायचं राहिलं.

मी आत बारावीच्या अभ्यासाला बसलेली असायचे. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. खिडकीबाहेर शिरीषाच्या शेंगा, पुढ्यात पुस्तक, आणि लक्ष सगळं पायरीकडे. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. त्या कुत्र्याचा राग यायचा. आई त्याला दोन-दोन तास द्यायची आणि माझे पेपर कधी सुरू होणार हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. हॉल तिकिटावर सही बाबांनी केली. मी वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे, माझं काही फाटत नव्हतं. माझा तिला काही त्रास नव्हता. आणि दुसरा राग त्या स्वेटरसाठी. नंदूची ती एवढी एक वस्तू उरली होती, आणि ती कुत्र्याच्या दातांनी रोज थोडी थोडी संपत होती, आणि आई ती आपल्या हातानं त्याला देत होती!

शेजारच्या तिवारी चाचींनी एकदा मला कुंपणापाशी गाठलं. "बेटा, मम्मी को समझाओ. एक कुत्ते के पीछे आँखें फोड़ रही हैं. ऐसे में दिमाग़ पे असर हो जाता है." चाची मनानं चांगल्या होत्या. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, आणि आईच्या बोटांवर सुईची भोकं होतीच. त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, "बाबा, याच्यासाठी काहीतरी असं आणा ना, की जे फाटणारच नाही. म्हणजे आईचा त्रास संपेल."

बाबांनी डोळे बारीक केले. नंदू गेल्यापासून त्यांना कुणी काही बनवायला सांगितलंच नव्हतं. "बनवतो," म्हणाले.

चार दिवसांनी ते तो डमरू घेऊन आले. जाड काळ्या रबराचा, मधे निमुळता, कडा घासून गोल केलेल्या. एकही सांधा नाही, एकही शिवण नाही. गेटवरच्या शिपायानं पासावरचं "कुत्ते का खिलौना, रबर, एक नग" हे दोनदा वाचलं आणि "साहब, कुत्ते का?" म्हणून विचारलं, ते सांगताना बाबा हसले. पाच महिन्यांनी हसले. मग ते अंगणात गुडघ्यांवर बसले, डमरू गबरूच्या नाकापुढे नाचवला आणि लटकं गुरगुरले. "आता फाडून दाखव म्हणा याले! हत्तीच्या बापाले फाटणार नाही!"

गबरूनं वास घेतला. एकदा चाटलं. एकदा दात लावून पाहिले, आणि मग तो पेरूखाली जाऊन बसला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती आत गेली.

आता माझा आगाऊपणा ऐका. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच म्हणतात, पण मी ते सरळ करायला निघाले. लोकरीच्या चेंडूचं जे काही उरलं होतं ते मी आईच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर ठेवला. आईला म्हटलं, "आता तू आराम कर. त्याला नवं खेळणं आहे." आई "बरं" म्हणाली. गबरू फळीखाली येऊन डब्याकडे तोंड करून बसला की मी फूटपट्टी नाकावर मारायचे. जोरात नाही. पण दर वेळी. अंगणात चुकून राहिलेला धागा त्यानं तोंडात धरला तरी फूटपट्टी. चार दिवसांत तो शिकला. केमिस्ट्रीची समीकरणं मला येत नव्हती, पण हे मला छान जमलं.

आई भिंतीकडे तोंड करून पडायला लागली, ते तेव्हापासून पुन्हा. आणि या वेळी सकाळीही उठेना. माझा पहिला पेपर झाला, दुसरा झाला. घरी यावं तर दार नुसतं लोटलेलं, ओट्यावर सकाळचीच भांडी. बाबांनी खिचडी केलेली असायची. तीन दिवस आईनं केस विंचरले नाहीत. चौथ्या दिवशी बाबा अंगणातल्या नळावर हात धुता धुता थांबले. पाणी तसंच चालू.

"सुमे, मी बनवलं ते चुकलं काय गं?"

मी नळ बंद केला. त्यांना आणि मला, दोघांनाही तेव्हाच कळलं होतं. आम्ही आईचा त्रास संपवला होता, आणि आईचं तेवढंच काय ते उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर नव्हता, केमिस्ट्रीचा त्याच्या पुढच्या दिवशी होता. बाबा ड्यूटीवर गेले. मी फळीवरून डबा काढला, त्यातला चेंडू काढला आणि गबरूपुढे ठेवला. "घे," म्हटलं. "फाड."

त्यानं चेंडूकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. हात रिकामा होता, मी दोन्ही हात त्याला उघडून दाखवले. त्यानं चेंडू हळूच तोंडात धरला, जरा उचलला, पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं आणि तो जमिनीवर ठेवला. अगदी सांभाळून ठेवला. मग पोटावर सरपटत, शेपटी पायांत घालून मागे मागे गेला. "अरे फाड ना, गाढवा! फाड ना रे!" मी त्याच्यापुढे बसून रडले. नंदू गेला तेव्हा आलेल्या बायकांच्या गराड्यात मला धड रडता आलं नव्हतं, ते मी तिथे त्या कुत्र्यापुढे रडले. तो लांबूनच बघत राहिला.

मग मी डब्यातली कात्री घेतली. चेंडूच्या पोटात खुपसली आणि फाडत नेली. दोन ठिकाणी, तीन ठिकाणी. आतले धागे ओढून काढले आणि अंगणात उधळले, पेरूखाली, नळापाशी, कुंपणाच्या कडेनं. वारा होताच, त्यानं बाकीचं काम केलं. आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी फाडत होते. आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. कात्री डब्यात ठेवली, डोळे पुसले आणि आत ओरडले, "आई! आई, बघ गं, गबरूनं काय करून ठेवलं!"

मग बाजेची करकर. आई बाहेर आली, केसांच्या जटा, पदर लोळतोय. उन्हानं तिचे डोळे मिटले. तिनं अंगणभरचे धागे पाहिले. खाली वाकून चेंडू उचलला आणि पायरीवर बसली. मी तिच्यापुढे डबा सरकवला.

तिनं त्या फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"हे गबरूनं नाही केलं," ती म्हणाली.

मी पायाशी पडलेला धागा उचलला.

"कात्री सरळ जाते गं. दाताचं असं नसतं."

ती रागावेल, उठून आत जाईल, असं वाटून मी पायरीची कड घट्ट धरली. पण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दसऱ्यापासून ती माझ्याकडे बघत नव्हती असं नाही; बघायची, पण खिडकीतून बाहेर बघावं तसं. त्या दिवशी तिनं मला पाहिलं. माझे सुजलेले डोळे पाहिले, हातांना चिकटलेली मरून लोकर पाहिली.

"किती वाळलीस गं तू," म्हणाली. आणि मग, "कुठला पेपर आहे उद्या?"

"केमिस्ट्री."

"मग इथं काय करतेस? जा, बस अभ्यासाला." तिनं डबा जवळ ओढला, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईचं नेढं उन्हात धरलं.

केमिस्ट्रीत मी जेमतेम काठावर पास झाले. आई पूर्वीसारखी झाली का, तर नाही झाली. कधीच झाली नाही. हसायची, पण अर्ध्यात थांबायची. गबरूला पुन्हा फाडायला लागायला आठ दिवस लागले, आणि मी अंगणात असले की तो कधीच फाडायचा नाही, शेवटपर्यंत नाही. मी दिसले की तोंडातलं खाली ठेवायचा. ती शिक्षा मला पुरली. पण चेंडूला पहिलं भोक पडलं त्या दिवशी आईनं मला हाक मारून ते दाखवलं होतं, एखादीनं बाळाचा दात दाखवावा तसं. "बघ, हे दाताचं आहे."

पाऊस येईतो त्या चेंडूत मरून लोकरीचा धागा उरला नाही. आईच्या शिवणीचा दोरा आणि बाबांच्या शॉपमधलं सूत, एवढाच तो राहिला, आणि एका संध्याकाळी तोही संपला. नंदूचा स्वेटर असा गेला. मला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. ट्रंकेत ठेवला असता तर आज माझ्यापाशी असता, डांबराच्या गोळ्यांचा वास मारत. पण मग मला आईचं काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिकडून गेले. आमची रांग आता रिकामी आहे. दारं-खिडक्या काढून नेल्यात, छताचा एक कोपरा खाली आलाय. मेंदीचं कुंपण माजून माणसापेक्षा उंच झालंय. पायरी आहे. स्वयंपाकघरात एक गाय बसून रवंथ करत होती, तिनं माझ्याकडे बघून कान हलवला. आत काय आहे ते सगळं रस्त्यावरून दिसतं आता. पेरूचं खोडही नाही. त्याच्याखालीच आम्ही गबरूला पुरलं होतं.

आई गेली, बाबा गेले. डमरू आहे. इतक्या घरांतून फिरला, इतक्या कुत्र्यांच्या तोंडी लागला, त्याला कुठं खरचटलेलं नाही. बाबांनी फार चांगला बनवला होता. कुकीनंही आली त्या दिवशी त्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी लेकीचाच फोन आला. खिडकीतून पाचोळ्याचा धूर येत होता. कुकी बदकाच्या रिकाम्या कातड्यावर मान टाकून झोपली होती. मी दुपारी हॉलभर पसरलेला सगळा कापूस वेचून पिशवीत भरला होता. कशाला, ते मला ठाऊक नाही.

"हं, तर मागवू का ते? न फाटणारं?"

"नको," म्हटलं. "फाटणारंच पाठव."